डाव्या आकडीचा ठसा

मी एक ठसा बोलतोय. तहसीलातला नाही, ग्रामपंचायतीचा तर मुळीच नाही, त्यामुळे माझ्यापुढे हात जोडून ताटकळत उभं राहायची गरज नाही. मी रबराचा, हाताने कोरलेला, चार बोटं लांब आणि तीन बोटं रुंद. एका जुन्या गढीच्या भिंतीत कोनाडा आहे, कोनाड्यात प्लास्टिकचा डबा आहे, आणि त्या डब्यात एक वही, एक शाईचं पॅड आणि मी, असा आमचा संसार आहे.

गावाचं नाव सांगणार नाही. राग मानू नका. आम्हाला शोधून काढण्यातच सगळा खेळ आहे आणि मीच नाव फोडलं तर मला कोरणारी दीपिका मला चुलीत घालील. सोनपेठहून गोदावरीच्या अंगाला जी एसटी जाते, तिच्या वाटेवर आमचं गाव आहे, एवढ्यावर समाधान माना.

तर माझं मूळ. मी जन्माने ट्रकचा टायर. कोणत्या कारखान्यात झालो ते आठवत नाही, पण मागच्या चाकाला होतो हे पक्कं आठवतं, कारण मागच्या चाकांच्या वाट्याला ओझं फार येतं. ऊस वाहिला, कापूस वाहिला, सिमेंट वाहिलं. अंगावरची नक्षी झिजून गुळगुळीत झालो, तेव्हा ड्रायव्हरने मला देवगाव फाट्यावर पंक्चरच्या दुकानामागे टाकून दिलं. एवढी वर्षं त्याच्या पोटापाण्यासाठी पळालो आणि त्याने जाताना मागे वळूनही पाहिलं नाही. चालायचंच.

फाट्यावर रस्त्याच्या कडेला एक म्हातारा टायरच्या चपला करायचा. त्याने रापीने मला कापलं, पट्टे लावले, खिळे ठोकले. दुखलं, पण अंगाला आकार आला. त्याच आठवड्यात एक धनगर मेंढरं घेऊन फाट्यावरून चालला होता. काळासावळा, उंच, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. त्याने चप्पल उचलली, वाकवून बघितली आणि नाकाला लावून तिचा वास घेतला.

"टायर जुना हाय, पण इमानदार हाय," तो म्हणाला आणि मला पायात घातलं. तो धोंडीबा. या गोष्टीला आठ वर्षं झाली.

सहा वर्षं मी धोंडीबाच्या उजव्या टाचेखाली होतो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, कापसाची रानं मोकळी झाली की तिथे बसायचं, पावसाच्या आधी गढीपाशी परत यायचं. बाभळीचे काटे मी झेलले, तापलेलं डांबर मी सोसलं, आणि धोंडीबाच्या पायाला कधी जखम होऊ दिली नाही. टाचेखाली राहून माणूस फार चांगला कळतो, बरं का. तोंड काहीही बोलो, पाय खोटं बोलत नाहीत. घराकडे वळलेला पाय वेगळा पडतो आणि उधारी मागायला निघालेला वेगळा.

आता त्यांच्या खुणेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं.

धनगराच्या लांब काठीला वर लोखंडी आकडी असते, बाभळीची फांदी खाली ओढायला. या घराण्याची खूण तीच. एक उभी रेघ आणि वर वळलेलं टोक. धोंडीबाचा आजा आणि रामहरीचा आजा सख्खे भाऊ. ते वेगळे झाले तेव्हा खूणही वाटून घेतली. एकाने टोक डावीकडे वळवलं, दुसऱ्याने उजवीकडे. तेव्हापासून धोंडीबाची डावी आकडी आणि रामहरीची उजवी. इतर लोक मेंढराचा कान कातरून खूण करतात, पण या घराण्यात मेंढराच्या कानाला कात्री लावत नाहीत. पूर्वी कुणीतरी देवापुढे तसा शब्द दिला होता म्हणे. म्हणून दर कातरणीनंतर उघड्या पाठीवर रंगाने आकडी काढायची. रंग गेला तर खूण गेली.

पाच वर्षांपूर्वी दोघा चुलतभावांनी एकत्र कातरणी केली. गढीच्या पायथ्याशी लोकरीचे ढीग, मेंढरांचा ओरडा, सगळीकडे धांदल. त्या गडबडीत रामहरीच्या एका तरण्या मेंढीवर डावी आकडी पडली. रामहरी वयाने लहान, धोंडीबाला दादा म्हणायचा. तो म्हणाला, "दादा, ही माझी हाय. म्या तोंडावरनं वळखतो."

"तोंडाला कोण पुसतंय?" धोंडीबा म्हणाला. "खूण दाखव."

भावकीतली चार माणसं जमली. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दापुढे उभा राहिला, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की इथून पुढे माणूस बोलणार नाही, खूण बोलेल. मेंढी धोंडीबाच्या कळपात गेली. रामहरी निघून गेला आणि पुढची पाच वर्षं दादा म्हणाला नाही.

मी तिथेच होतो. सांगतो तुम्हाला, त्या दिवशी धोंडीबा दोन्ही पायांवर सारखा उभा नव्हता. डावी टाच अर्धी उचललेली, सगळा भार माझ्यावर. खऱ्या गोष्टीसाठी भांडणारा माणूस असा उभा राहत नाही. पुढची तीन वर्षं त्याचा पाय जरा जडच पडत राहिला.

मग माझा पट्टा तुटला. जोडीदार चप्पल कुत्र्याने पळवली. मला धोंडीबाच्या बायकोने, बानूबाईने, गोठ्याच्या पत्र्यावर फेकून दिलं. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवतात, त्या दगडांच्या रांगेत मीही एक. सहा महिने तिथे उन्हात पडून होतो. एक कावळा येऊन माझ्यावर बसायचा, त्यापलीकडे कुणाचा संबंध नाही.

तिथून मला दीपिकेने काढलं. दीपिका म्हणजे धोंडीबाची नात. परभणीला कृषी विद्यापीठात शिकते, होस्टेलवर राहते आणि फोनवर जगभरचं वाचते. तिने अमेरिकेतल्या एका जुन्या सरहद्दीवरच्या किल्ल्याबद्दल वाचलं. तिकडे कोमांची नावाचे लोक होते, घोड्यावर बसले की कुणाच्या बापाचं ऐकत नसत. आता त्याच किल्ल्याच्या आसपास लोक डबे लपवतात. डब्यात वही आणि हाताने कोरलेला ठसा. ज्याला कोड्यावरून डबा सापडेल त्याने डब्यातला ठसा आपल्या वहीत उमटवायचा, आपला ठसा डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. या खेळाचं नाव लेटरबॉक्सिंग. बक्षीस नाही, पैसा नाही.

"हे तर आमचेच आबा की!" दीपिका म्हणाली.

कारण आमची गढीही सरहद्दीची. म्हातारी माणसं सांगतात की नदीच्या अल्याड निजामाचा अंमल होता आणि पल्याड दुसऱ्याचा. मधली चौकी धनगरांकडे. एरवी मेंढरं राखायची, वेळ आली की घोड्यावर बसायचं. सरकारला ते हवेही असायचे आणि नकोही. शेवटी फौज आली, तोफ लागली, एक बुरूज पडला. घोडे गेले आणि मेंढरं राहिली. कागदावर यातलं काय आहे मला ठाऊक नाही. आता गढीचं एक दार शाबूत आहे, आत चौक आहे, आणि बाहेरचा अर्धा उतार गावाने घरावर टाकायला पांढरी माती नेऊन नेऊन पोखरलाय.

दीपिकेने माझी टाच कापून घेतली आणि कटरने माझ्यावर आकडी कोरली. घरच्या खुणेसारखी, टोक डावीकडे. मग मला शाईत बुडवून कागदावर दाबलं. छाप पडली ती उजवी.

ठसा उलटा कोरायचा असतो हे तिला तेव्हा कळलं. ती हिरमुसली. मग म्हणाली, "जाऊ दे. कागदावर कोण डावं-उजवं बघतंय." दुसरा तुकडा कापायचा कंटाळा आणि परभणीची बस गाठायची घाई. माणसांच्या बहुतेक चुका अशाच राहून जातात.

गढीतले माझे दिवस छान होते. दीपिकेने कोडं फोनवर टाकलं आणि लोक येऊ लागले. परभणीची कॉलेजची पोरं आली. बँकेतलं एक जोडपं आलं, ते दोन तास शोधताना एकमेकांवर चिडलं आणि मी सापडल्यावर गळ्यात पडलं. साधनाबाई नावाच्या शिक्षिका शाळेतल्या मुलांना घेऊन आल्या, मुलांनी वहीत भेंडीचे ठसे उमटवले. गावातले दुकानदार चन्नबसप्पा कपाळाला भस्म लावून आले. त्यांच्याकडे ठसा नव्हता, म्हणून त्यांनी अंगठा उमटवला. अंगठ्याचं भस्म शाईत मिसळून राखाडी छाप पडली. एका गृहस्थाने 'लेटरबॉक्स' हा शब्द ऐकून नळाला पाणी येत नसल्याचा अर्जच डब्यात टाकला होता.

एक गंमत पाहिली मी. डबा उघडण्याआधी प्रत्येक जण चोरासारखा इकडे तिकडे बघतो. लहान पोरगं असो नाहीतर बँकेचा साहेब.

येणारा प्रत्येक जण आपल्या ठशाशेजारी मलाही डब्यातल्या वहीत दाबायचा, अशा माझ्या चोपन्न छापा झाल्या. सगळ्या उजव्या आकडीच्या. मला खटकायचं, पण ठशाला तोंड असतं, जीभ नसते.

आता गेल्या अक्षय्य तृतीयेनंतरची गोष्ट, कळप गढीपाशी परतले होते. धोंडीबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याची शस्त्रक्रिया करायला त्याला परभणीला नेलं. सोबत बानूबाई गेली आणि दीपिका तर तिथेच होती. मेंढरांकडे बघायला मुलगा आला, भागवत. दीपिकेचा बाप. तो अठराव्या वर्षी गाव सोडून परभणीच्या मोंढ्यात लोडिंग रिक्षा चालवायला गेला. माणूस कष्टाळू, पण मेंढरातलं त्याला काही कळत नाही. त्याच्या लेखी सगळी मेंढरं सारखीच.

कातरणी आधीच झाली होती. जाताना धोंडीबाने बजावलं, "भागवता, परवा खूण घालून घे. डावी आकडी. इसरू नको."

भागवतने चिंधी गुंडाळलेली काडी पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये बुडवली आणि पहिल्या मेंढराच्या काळ्या पाठीवर आकडी काढली. ती नऊच्या आकड्यासारखी दिसायला लागली. त्याने पुसली, पुन्हा काढली. मेंढरू हललं आणि नऊचे सहा झाले. तेव्हा त्याला माझी आठवण झाली.

"आपल्या दीपीनं कोरलेली हाय की!" म्हणत तो गढीत आला आणि त्याने मला डब्यातून उचललं. माझ्याकडे निरखून पाहिलं. टोक डावीकडे. झालं तर. त्याने पत्र्यावर पेंट पसरला आणि मला एका पाठोपाठ एक मेंढराच्या पाठीवर दाबत सुटला. तासाभरात एक्केचाळीस मेंढरं. मी आतल्या आत किंचाळत होतो, अरे बाबा, उचलून बघ तरी काय उमटतंय! पण त्याला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटत होतं की त्याने फोटो काढून दीपिकेला पाठवला. दीपिकेचा फोन तेव्हा दवाखान्यात बंद होता.

एक्केचाळीस मेंढरांवर उजवी आकडी. म्हणजे धोंडीबाचा अख्खा कळप मी माझ्या तोंडाने रामहरीच्या नावावर करून टाकला होता.

तरी काही बिघडलं नसतं. पण त्याच दुपारी गढीखालच्या रस्त्याने वरात आली, आणि डीजेवाल्याने नेमकं गढीच्या दारासमोर बटण दाबलं. जमीन हादरली. भागवतची मेंढरं उधळली. पलीकडच्या उतारावर रामहरीची मेंढरं चरत होती, तीही उधळली, आणि दोन्ही कळप एकाच दारातून गढीच्या चौकात घुसले. शंभराच्या वर मेंढरं एकात एक.

डीजे पुढे गेल्यावर रामहरी दारात उभा राहिला आणि एकेक मेंढरू बाहेर सोडू लागला. पाठ बघायची आणि आपल्या बाजूला वळवायचं. उजवी. उजवी. ही पण उजवी. भागवत आपल्या मेंढरांची वाट बघत दुसऱ्या बाजूला उभा होता. शेवटचं मेंढरू बाहेर पडलं आणि त्याच्या हातात नुसती काठी उरली.

"काका, ह्यातली एक्केचाळीस आमची हायत," तो म्हणाला.

"खूण कुणाची हाय?" रामहरीने विचारलं.

भागवतने खिशातून मला काढून बघितलं. डावी. मेंढराच्या पाठीकडे बघितलं. उजवी.

"माणूस बोलणार न्हाई, खूण बोलंल. तुज्या बापाचाच कायदा हाय," रामहरी म्हणाला. "त्याला पाठव. मंग बोलू."

आणि तो सगळी मेंढरं घेऊन गेला. भागवतने मला बाभळीच्या काट्यात भिरकावून दिलं. मला त्याचा राग आला नाही. धोंडीबाचं सगळं आयुष्य त्या एक्केचाळीस जिवांत होतं, आणि एवढी वर्षं ज्याच्या पायाला काटा लागू दिला नाही, त्याचाच कळप माझ्यामुळे गेला होता.

पुढचं मी मागाहून ऐकलेलं. दीपिकेने संध्याकाळी फोटो पाहिला आणि फोन केला, तोवर उशीर झाला होता. भागवत फोनवर रडकुंडीला आला. बानूबाईच्याही कानावर गेलं. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून दबक्या आवाजात म्हणाली, "दीपे, तू जा. ह्यांला कळू देऊ नको. डोळ्याला पट्टी हाय, अन् डॉक्टरनं रडूबिडू देऊ नका म्हणलंय. परवा सोडायलेत. तवर कायबी कर, पर मेंढरं वाड्यावर दिसली पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दीपिका आली. तिने आधी मला काट्यातून शोधून काढलं, हाताला ओरखडे पडले तरी थांबली नाही. वही घेतली. मग चन्नबसप्पांच्या दुकानात गेली. धोंडीबा आणि रामहरी दोघंही दोरी, कापड, रंग, औषध त्यांच्याकडूनच नेत. दोघांचाही त्यांच्यावर विश्वास.

"शरणार्थ, अप्पा," ती म्हणाली. "माझ्या हातनं चूक झालीय. तुमी चला."

अप्पा लगेच गल्ल्याला कुलूप लावून उठले, वाटेत भागवतही सोबत आला.

रामहरीने मेंढरं दोरीच्या जाळीच्या कुंपणात, वाघुरीत, बसवली होती. दीपिकेने वही उघडली. "रामहरी आबा, ही बघा छाप. दीड वर्षापासूनच्या ह्या चोपन्न छापा. ठसा डावा हाय, पर उमटतो उजवा. मला म्हाईत होतं अन् म्या तसंच ठेवलं. माझ्या बापूनं ह्याच ठशानं मेंढरं रंगवली."

रामहरीने वही हातात घेतली, पानं उलटली. "असंल," तो म्हणाला. "खोटं बोलायलीस असं न्हाई म्हणत मी. पर ठशाचं मेंढरू कंचं अन् माझ्या हातचं कंचं, हे कोण सांगणार?"

दीपिकेने भागवतकडे पाहिलं. भागवत मान खाली घालून उभा राहिला.

आता एक गोष्ट सांगावीच लागेल. मी ती इतका वेळ लाजेपोटी गाळली होती. माझ्या अंगात एक भोक आहे. फाट्यावरच्या म्हाताऱ्याने ठोकलेला एक खिळा चालून चालून निघून गेला, त्याचं ते भोक, तुरीच्या दाण्याएवढं. नेमकं आकडीच्या उभ्या रेघेत. आपल्या अंगातलं वैगुण्य कुणी चारचौघांत सांगतं का? मीही सांगितलं नव्हतं.

चन्नबसप्पांनी चष्मा लावला आणि वही डोळ्यांजवळ धरली. सगळं आयुष्य कापडातले दोष बघण्यात गेलेलं. "ह्या रेघेच्या मधी मोकळं काय हाय? ह्या छापेतबी हाय. हितंबी हाय. समद्यातच हाय की!"

दीपिकेने मला उलटं करून बघितलं, बोट लावलं आणि एकदम ओरडली, "खिळ्याचं भोक!"

मग काय विचारता. चौघंही वाघुरीत शिरले. रामहरीच्या हाताने काढलेली आकडी सलग. माझ्या तोंडची आकडी मधोमध तुटलेली, काळ्या लोकरीचा एक ठिपका मोकळा सोडून. भागवत एकेक मेंढरू धरायचा, अप्पा पाठ बघायचे, दीपिका मोजायची. अकरा, बारा, वीस. रामहरीने एकदाही हुज्जत घातली नाही. माझा ऊर भरून आला. आयुष्यभर जे लपवलं, तेच भोक एकेक जीव घरी पाठवत होतं.

चाळीस झाली. एक राहिली.

ती मेंढी कोपऱ्यात उभी होती. कपाळावर पांढरा पट्टा. तिच्या पाठीवर रंगाचा नुसता लपका होता. रंगवताना ती हलली होती आणि भोकात पेंट दाटून बसला होता. ठिपका नाही, धड आकडीही नाही. अप्पांनी दोनदा बघितलं आणि मान हलवली. "हिचं काय सांगता येत न्हाई."

दीपिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस मिळाली हे थोडं नव्हतं, पण आबा आल्याबरोबर एक्केचाळिसावी मागणार, हे तिला ठाऊक होतं.

रामहरी पुढे झाला. त्याने मेंढीची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं. जरा वेळ बघत राहिला आणि मग तिला दीपिकेकडे ढकललं.

"ही चांदी. धोंडीदादाची," तो म्हणाला. "मागल्या साली हिला दोन पिल्लं झाली, एक मेलं."

"खूण कुठं हाय पर तिच्यावर?" भागवत नको ते बोलून गेला.

"खूण कशाला पायजे?" रामहरी म्हणाला. "मला मेंढरं वळखू येत न्हाईत व्हय रे?"

अप्पांनी चष्मा काढला. "रामहरी, म्हंजे कालपासून तुला समदी वळखू येत हुती?"

"येत हुती की. एकूणएक."

"मंग कामून ठेवलीस? खामखा पोरांचा जीव टांगणीला!"

रामहरी वाघुरीची दोरी सारखी करत राहिला. मग म्हणाला, "पाच वर्षांमागं म्या म्हणलं हुतं, तोंडावरनं वळखतो, माझी हाय. कुणी ऐकलं न्हाई. मला वाटलं, दादा येईल, अन् त्योबी म्हणंल, रामा, म्या तोंडावरनं वळखतो. मंग त्याला कळंल कसं वाटतं ते. ठेवून घ्यायची न्हवती मला." तो दीपिकेकडे वळला. "ने बाई. मेंढरं ने. एक मेंढी खूण न बघता दिली म्हणून सांग तुज्या आबाला."

एक्केचाळीस मेंढरं धोंडीबाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जागेवर, आली. भागवत त्या दिवशी तीनदा मोजत राहिला. दीपिकेने फोन लावून बानूबाईला सांगितलं. मग एक लांब सुस्कारा आला आणि ती म्हणाली, "आता चहा पिते मी. कालपासून घसा सुकलाय."

तिसऱ्या दिवशी धोंडीबा आला. डोळ्यावर काळा चष्मा, बानूबाईचा हात धरलेला. तिने बसमध्येच त्याला सगळं सांगितलं होतं, आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. दीपिका मला मुठीत घेऊन फाट्यावर आणायला गेली होती. तिला विचारायचं होतं की नवा, बरोबर उमटणारा ठसा कोरू का. पण धोंडीबा घराकडे वळलाच नाही. तो सरळ रामहरीच्या वाघुरीकडे चालू लागला. पायात आता दुसऱ्या चपला होत्या, तरी ती चाल मी ओळखली. दोन्ही टाचा सारख्या पडत होत्या.

रामहरी उभा राहिला.

"रामा," धोंडीबा म्हणाला, "ती मेंढी तुजी हुती."

"मला म्हाईत हाय, दादा," रामहरी म्हणाला. "तुला म्हाईत हाय का, तेवढंच बघायचं हुतं."

"मलाबी तवाच म्हाईत हुतं," धोंडीबा म्हणाला.

बानूबाईने धोंडीबाचा हात सोडला. तिला पाच वर्षांत हे ठाऊक नव्हतं. रामहरीने घोंगडं अंथरलं आणि धोंडीबाला हात धरून बसवलं. ती मेंढी आता राहिली नाही, पण तिची दोन पोरं धोंडीबाच्या कळपात होती, ती त्याच संध्याकाळी भागवतने इकडे आणून सोडली. रामहरी नको म्हणाला, मग घेतली. बराच वेळ ते दोघं मेंढरांबद्दलच बोलत बसले, जणू मध्ये पाच वर्षं गेलीच नव्हती.

नव्या ठशाचं दीपिकेने विचारलं, तेव्हा धोंडीबा म्हणाला, "ऱ्हाऊ दे हाच. गढी दोघांच्या आज्यांची हाय. कोरलेली माझी, उमटलेली त्याची. काय बिघडलं?"

असा मी पुन्हा गढीत आलो. माझ्या भोकात अजून थोडा पांढरा पेंट आहे, तो निघत नाही. वहीत छप्पन्न छापा झाल्यात, त्यातली एक रामहरीने स्वतः उमटवली आणि खाली अंगठा लावला. डब्याचं झाकण जरा सैल झालंय, ते मात्र कुणीतरी बदला, पावसाळ्यात वही भिजेल. आणि या. कोडं अवघड नाही. मला उचला, शाईत बुडवा, कागदावर हवा तेवढा दाबा, मेंढरावर नको.

मागणं एवढंच नाही, अजून एक आहे. तुमच्या कळपात कुणाची मेंढी आली असेल, आणि ती कुणाची हे तुम्हाला ठाऊक असेल, तर खूण बघत बसू नका. देऊन टाका. तसला भार मी तीन वर्षं एका भल्या माणसाच्या टाचेखाली राहून सोसलाय. ट्रकखालीसुद्धा एवढं ओझं नव्हतं.